शेवटच्या झाडापासून पुढे : बेळगाव भागातल्या उघड्या माथ्यांवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बेळगावातून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की जांबोटीनंतर झाडी दाट होत जाते. कणकुंबीच्या आसपास एखाद्या पायवाटेने वर चढायला लागा. जांभळीची झाडं, करवंदीच्या जाळ्या, पायाखाली पाचोळा, सगळं कसं अंगाला चिकटून असतं. आणि मग एका वळणावर झाडी संपते. पुढे जांभ्याचा काळपट तांबडा कातळ, वीतभर गवत आणि वारा. कोकणात आणि घाटमाथ्यावर याला सडा म्हणतात.

हिमालयात साधारण साडेतीन हजार मीटरच्या वर थंडीमुळे झाडं वाढत नाहीत. आपले डोंगर हजार मीटरच्या आसपासचे, त्यामुळे इथे झाडी संपते ती थंडीमुळे नाही, दगडामुळे. जांभ्याचा वरचा थर लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी दगडासारखा घट्ट झालेला असतो, त्यावर माती बोटभर, मुळाला खाली जायला जागाच नाही. पावसाळ्यात त्यावर पाणी साचून राहतं आणि पाऊस गेला की दोन महिन्यांत तोच कातळ तव्यासारखा तापतो. त्यात पश्चिमेचा वारा. कारण वेगळं असलं तरी तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाची अवस्था हिमालयात होते तशीच होते: सावली नाही, आडोसा नाही, आणि आसपासची सगळ्यात उंच वस्तू आपणच.

टिळकवाडीतून, शहापुरातून, वडगावातून रविवारी मित्रांबरोबर असे निघणारे बरेच जण आता दिसतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण यातल्या बहुतेकांना चढ म्हणजेच कठीण भाग वाटतो. चढ दमवतो, एवढंच. चुका होतात त्या झाडी संपल्यावर. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कुठला डोंगर?

पहिल्यांदा येळ्ळूरचा राजहंसगड करा. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, म्हणून कोणी त्याला ट्रेक मानत नाही, पण शिकायला तो फार चांगला आहे. गाडी गावात ठेवा आणि पायी चढा. खाली चहूबाजूंना भाताची शेतं, वर तटबंदी, सिद्धेश्वराचं देऊळ आणि शिवाजी महाराजांचा पुतळा. तटावर उभं राहिलं की वारा कसा लागतो, ऊन किती चढतं, आपण पाणी किती पितो, हे सगळं एका सकाळी कळतं आणि काही बिनसलं तर अर्ध्या तासात गावात पोचता येतं.

दुसऱ्यांदा वैजनाथ ते महिपाळगड. ही हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण बेळगावकरांना ते आपलंच आवार वाटतं. देवरवाडीजवळ वैजनाथाचं देऊळ झाडीत आहे आणि गडावर गाव वसलेलं आहे. माथ्यावर माणसं, घरं, पाणी असणं ही नवख्यासाठी फार मोठी गोष्ट.

त्यानंतरच खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी, चिगुळे, चोर्ला या बाजूच्या सड्यांवर जा. मलप्रभा इथे कणकुंबीत उगम पावते. एका बाजूला गोव्याचं खोरं कोसळतं आणि दुसऱ्या बाजूचं पाणी कृष्णेकडे निघतं. इथला पाऊस, धुकं, वारा शहरात बसून कल्पना येणार नाही असा असतो. बराचसा भाग वनखात्याचा आहे. भीमगड तर २०११ पासून अभयारण्य आहे, तिथे मनाला येईल तसं शिरता येत नाही. पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटांवर बऱ्याचदा बंदी घातलेली असते. निघण्याआधी खानापूर किंवा जांबोटीच्या बाजूला वनखात्याच्या माणसाला विचारा, आणि नाही म्हणाले तर त्या दिवशी राजहंसगड करा. या पट्ट्यातल्या गावांत मराठी, कोंकणी चालतेच. तरी चौकीवर बोलताना दारी म्हणजे वाट, नीरु म्हणजे पाणी, मळे म्हणजे पाऊस आणि सिडिलु म्हणजे वीज, एवढे चार कानडी शब्द येत असले की समोरचा माणूस मोकळेपणाने सांगतो.

वर्षभर हे पचलं की मग कुद्रेमुखाचं स्वप्न बघा. तो माथा १,८९० मीटरच्या आसपास आहे, येऊन-जाऊन वीसेक किलोमीटरची चाल, दऱ्यांत शोला म्हणजे बुटक्या, दाट, सदाहरित झाडांची जंगलं आणि वरचे डोंगर नुसते गवताचे. वनखात्याची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते.

दिवस कुठला?

नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत. हवा कोरडी, नजर लांब जाते, वाट दिसते. सप्टेंबरअखेर सड्यावर फुलं असतात, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे दिसतात, तो काळ सुंदर आहे, पण परतीच्या पावसाबरोबर विजाही येतात. जून ते ऑगस्ट धुकं आणि वारा.

मार्च ते मे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती नवख्यांची. सकाळी आकाश स्वच्छ, दुपारी बारापर्यंत उकाडा, दोन-अडीचला कुठेतरी ढगाचा मनोरा उभा राहतो आणि चार वाजता वळीव कोसळतो. सकाळी घरातून बघितलेल्या आकाशावर या महिन्यांत विश्वास ठेवू नका. जायचंच असेल तर पहाटे घरातून निघा आणि अकराच्या आत माथा सोडा.

हवामान खात्याचा अंदाज बघताना एक करा. चोर्ल्याकडच्या सड्यासाठी नुसत्या बेळगाव शहराचा अंदाज बघून भागत नाही, उत्तर गोव्याचाही बघा, कारण पावसाळ्यातलं हवामान त्या बाजूने वर चढून येतं. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप फोनवर घेऊन ठेवा. आपल्या आसपास वीज पडते आहे का ते त्यात दिसतं. मात्र सड्यावर नेटवर्क असेलच असं नाही, म्हणून डोळे आणि कान हेच खरे.

वेळेचा हिशेब कागदावर

स्कॉटलंडमधल्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला, तो आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. माथा चार किलोमीटरवर आहे आणि चढ ३०० मीटर. चार किलोमीटरची ४८ मिनिटं, चढाची ३०, एकूण ७८. हा झाला न थांबता चालणाऱ्या सरावाच्या माणसाचा वेळ. नवख्यांच्या गटासाठी दीडपट करा, म्हणजे जवळजवळ दोन तास. उतरायलाही जवळपास तेवढेच धरा. गुडघे नवे असतात, वाट ओळखायला वेळ लागतो.

आता उलटं मोजा. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत झाडीत काही दिसेनासं होतं. म्हणून पाचला खाली पोचायचंच असं ठरवलं, तर तीनच्या आधी माथा सोडायला हवा. ती वेळ कागदावर लिहा, घरी एकाला पाठवा आणि गटातल्या सगळ्यांना सांगा. माथा दोनशे पावलांवर दिसत असला तरी त्या वेळेला मागे वळायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण दोनशे पावलांवरून परतणं मनाला फार लागतं. म्हणूनच ते घरी ठरवायचं.

घरी काय सांगून जायचं? कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार, किती जण, गाडीचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. बसने जाणार असाल तर सकाळी उतरतानाच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारा. स्टँडवरच्या पाटीपेक्षा त्याची माहिती पक्की असते.

पाठीवर काय घ्यायचं

पाणी माणशी तीन लिटर. सड्यावर डबकी असतात, झरे क्वचितच. फेब्रुवारीनंतर काहीच नसतं. उन्हात चालताना तासाला अर्धा लिटर लागतंच, आणि तहान लागायच्या आधी प्यायचं. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं प्रमाण पाठ असू द्या.

कपड्यांचं थोडं सविस्तर सांगतो. या बाजूच्या गवळी धनगरांना तुम्ही भर पावसात घोंगडं पांघरून गुरांमागे फिरताना बघितलं असेल. घोंगडं जड होतं, त्याला वास येतो, पण भिजलं तरी त्याची ऊब टिकते, कारण लोकरीच्या धाग्यात हवा धरून राहते. सुती टी-शर्टचं उलटं. तो घामाने किंवा पावसाने भिजला की अंगाला चिकटतो आणि वारा लागला की अंगातली उष्णता ओढून घेतो. बर्फ नसताना, पंधरा-वीस डिग्रीतही भिजलेला आणि दमलेला माणूस वाऱ्यात थरथरायला लागतो, त्याची जीभ अडखळते, बोटांनी चेन लावता येत नाही. हे गारठणं आपल्याकडे होत नाही असं समजू नका. जुलैत मी ते डोळ्यांनी बघितलं आहे. तेव्हा जीन्स घरी ठेवा, पटकन वाळणारा शर्ट घाला, एक विंडचीटर आणि एक कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. छत्री सड्यावर उपयोगाची नाही, वारा ती हातात ठेवत नाही.

डोक्याला दोरीवाली टोपी, कान झाकतील असा रुमाल. बूट खाचा असलेले. तळ गुळगुळीत झालेले बूट पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर एका क्षणात आडवं पाडतात आणि उन्हाळ्यात जांभ्याच्या बारीक खड्यांवर, गोट्यांवर पाय पडल्यासारखे सरकतात. टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज, पूर्ण चार्ज केलेला फोन, आधीच उतरवून घेतलेला नकाशा आणि एक साधं होकायंत्र. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी. तळलेलं नको, उन्हात ते पोटात बसून राहतं.

झाडीतली चाल

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. बोलता बोलता चालता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या नंबरवर ठेवा, शेवटी नको. शेवटी ठेवला की तो पोचतो तेव्हा बाकीचे विसावा घेऊन उठलेले असतात आणि त्याला विसावा मिळतच नाही. सगळ्यात शेवटी वाट माहीत असलेला माणूस.

गुरांच्या वाटा फार फसवतात. त्या रुंद, छान मळलेल्या असतात आणि डबक्यापाशी संपतात. फाटा आला की थांबून मागे वळून बघा, परतताना तो कसा दिसेल ते डोक्यात ठेवा.

जनावरांचं थोडक्यात. गवा दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या, मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका. अस्वलं पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतात, तेव्हा त्या वेळा टाळा, एरवी बोलत चाला. उन्हात तापलेल्या जांभ्याच्या कपारीत फुरसं असतं, म्हणून न बघता हात घालू नका. साप चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. पाय हलू न देता माणसाला उचलून सरळ दवाखान्यात न्या. गडांच्या बुरुजांना आणि कड्यांना आग्या मोहोळं असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. उठलीच तर तोंड झाकून पळत सुटायचं, दाट झुडपात किंवा बंद गाडीत शिरायचं.

शेवटच्या झाडाखाली

आता मुख्य मुद्द्यावर येतो. झाडी संपते तिथे एक शेवटचं झाड असतं. बहुतेक वेळा वाऱ्याने पूर्वेकडे झुकलेलं, खुरटं. त्याच्या अलीकडे थांबा. पाठपिशव्या खाली ठेवा. वर जायचं की नाही, हे इथे ठरवायचं.

मी हे शिकलो ते एका ऑगस्टमध्ये. आम्ही पाच जण कणकुंबीच्या बाजूच्या एका सड्यावर चढलो होतो. मी सगळ्यांत अनुभवी, म्हणून पुढे. झाडी संपली, गवत हिरवंगार, सगळे पळतच सुटले. मी मागे वळून एकदाही बघितलं नाही. अकराच्या सुमाराला गोव्याच्या बाजूने धुकं वर आलं. आलं म्हणजे हळूहळू नव्हे, दूध उतू जावं तसं कड्यावरून सांडलं. पाच मिनिटांत पुढच्या माणसाची पिशवी दिसेना. परत जायला वळलो, झाडीच्या कडेला पोचलो, पण आमच्या वाटेचं तोंड सापडेना. झाडीची सगळी कड एकसारखी! तेच खुरटं झुडूप, तोच ओला दगड, तीच काळी फट. जिथे वाट वाटली तिथे दहा पावलांत जाळी लागायची. तासभर आम्ही कडेकडेने फिरलो. आमच्यातल्या एकाला हुडहुडी भरली. शेवटी गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आला, त्या दिशेने हाका मारत गेलो आणि एका गुराख्याने आम्हाला वाटेवर आणून सोडलं. आमची वाट आम्ही उभे होतो तिथून शंभर पावलांवर होती.

चढताना सगळ्या वाटा माथ्याकडेच जातात, त्यामुळे चुकलं तरी फरक पडत नाही. उतरताना शंभर दिशा असतात आणि त्यातली एकच आपल्या गावाला जाते. आम्ही ती दिशा धरून ठेवायला विसरलो होतो.

तेव्हापासून शेवटच्या झाडाखाली मी दहा मिनिटं देतो. आधी घड्याळ. कागदावरच्या वेळेशी ताडून बघायचं, उशीर झाला असेल तर इथूनच परत. मग आकाश. पश्चिमेला ढग आहेत का, ते पसरत आहेत की वर वाढत आहेत? फुलकोबीसारखा वर वर चढत जाणारा, खालून काळा ढग असेल तर पुढे नाही. दरीतून धुकं वर येतंय का? मग पाणी. प्रत्येकाने बाटली दाखवायची. निम्म्याहून कमी उरलं असेल तर वर ऊन झेलायला जाऊ नये. मग माणसं. सगळ्यात दमलेल्याला सगळ्यांसमोर विचारायचं नाही, बाजूला घेऊन विचारायचं, कारण चारचौघांत कोणी “मला जमणार नाही” म्हणत नाही. तो नको म्हणाला तर सगळे परत, किंवा वाट माहीत असलेला एक जण त्याच्याबरोबर खाली. एकट्याला झाडाखाली बसवून जायचं नाही.

आणि शेवटचं काम वाटेचं. वीस पावलं सड्यावर जा आणि मागे वळा. झाडीतलं आपल्या वाटेचं तोंड कसं दिसतं त्याचा फोटो काढा. फोनच्या नकाशावर तिथे खूण करा. होकायंत्राने माथ्याची दिशा बघा. समजा माथा पश्चिमेला आहे, तर परतताना पूर्व. हे मोठ्याने म्हणून दाखवा, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात राहतं. झाडाला रंग फासू नका, फडकी बांधून तशीच सोडू नका. एखादं रंगीत फडकं बांधलंच तर परतताना सोडून आणा.

वर पोचल्यावर

मोकळं झाल्यावर एकमेकांपासून लांब जाऊ नका, हाकेच्या अंतरात राहा. जिथे उघडा कातळ आहे तिथून चाला. ती गवताची आणि फुलांची सपाटी दिसायला भक्कम वाटली तरी बोटभर मातीवर उभी आहे. शंभर बूट त्यावरून गेले की तिथे पुढच्या वर्षी नुसता दगड उरतो.

पश्चिमेच्या कड्यावर वारा खालून वर येतो आणि मध्येच थांबतो. त्याच्यावर रेलून उभा राहिलेला माणूस तो थांबला की पुढे झुकतो. दरी बघायची असेल तर कड्यापासून दोन पुरुषांच्या उंचीइतकं अलीकडे बसा, बसूनच बघा. फोटो काढणाऱ्याने मागे सरकत जायचं नाही, एवढं एक पथ्य प्रत्येकाने पाळावं. उन्हाळ्यात कोणी गप्प झाला, डोकं दुखतं म्हणाला, मळमळलं, तर लगेच सावली करा, पाणी पाजा, मान आणि काखा ओल्या करा. आणि बडबडायला लागला किंवा शुद्ध हरपली तर ते ऊन लागणं आहे. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका, अंग ओलं करून वारा घालत राहा आणि उचलून खाली न्यायची तयारी करा.

गडगडलं तर

आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात. यात बहुतेक शेतात, माळावर, झाडाखाली असलेली. सड्यावर आपण त्यांच्याइतकेच उघडे.

वीज चमकली की मोजायला लागा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या डोक्यावर पडू शकते. खरं तर नुसतं ऐकू आलं तरी उतरायला लागा. मोजणं फक्त किती घाई आहे ते कळायला.

उतरायचं कुठे? आधी माथ्यावरून, कड्यावरून आणि धारेवरून खाली. गडावर असाल तर ध्वजस्तंभापासून लांब. भगव्याजवळ सगळे गोळा होतात, पण तो खांब माथ्यावरची सगळ्यात उंच वस्तू असतो. उघड्या मंडपाचं लहान देऊळ, पत्र्याची शेड, कपार, बुरुजाची भिंत, यांनी पावसापासून बचाव होतो, विजेपासून होत नाही. एकटं उभं असलेलं झाड तर सगळ्यात वाईट. आणि इथे नीट लक्ष द्या. ज्या शेवटच्या झाडाखाली आपण निर्णय घेतला, ते विजेच्या वेळी थांबायची जागा नाही. तिथे न थांबता झाडीत आत, सारख्या उंचीच्या बुटक्या झाडांत खाली उतरत राहा. खरा आसरा म्हणजे पक्कं घर, किंवा पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली गाडी. एसटी चालते.

मध्येच अडकलात, अंगावरचे केस उभे राहिले, काठी किंवा कातळ गुणगुणायला लागला, तर पाय जोडून उकिडवे बसा, डोकं खाली, कानांवर हात. आडवं पडू नका, कारण वीज जमिनीतून पसरते आणि आडव्या अंगातून जास्त जाते. एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं लांब बसा, म्हणजे सगळे एकदम सापडणार नाहीत आणि मदतीला कोणी उरेल. हा शेवटचा उपाय आहे, त्याच्या भरवशावर वर थांबायचं नाही. संधी मिळाली की उठून परत खाली.

कोणाला वीज लागलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा. अशी माणसं वाचतात. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं जाईपर्यंत परत सड्यावर पाऊल टाकायचं नाही.

धुकं आलं तर

थांबा. पहिलं काम थांबणं. सगळ्यांना एकत्र बोलवा, कोरडं घाला, गूळ खा. मग होकायंत्र काढा आणि ठरवलेल्या दिशेने चाला. एकाने तीस पावलं पुढे जायचं, दिशा बघणाऱ्याने मागून सांगायचं, मग बाकीच्यांनी त्याच्यापर्यंत पोचायचं. वेळ लागतो, पण माणूस गोल फिरत नाही. कड्याचा भरवसा नसेल तर एकही पाऊल पुढे नको, धुकं बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात विरळ होतं. हरवलात असं वाटलं तर तीन शिट्ट्या, थोडं थांबायचं, परत तीन. गुराखी लांबून ऐकतात.

मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे दोन्ही नंबर हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे चालतात. फोन लागला तर आधी तालुका आणि जवळचं गाव सांगा, मग नकाशावरचे आकडे. पण सड्यावर सगळ्यात लवकर येणारी मदत खालच्या गावातलीच. म्हणून सकाळी चढताना त्या गावात दोन मिनिटं थांबून, कुठे चाललोय ते एखाद्या आजोबांना सांगून जा. त्यांच्याकडे वरच्या हवेचीही खबर असते.

उतरताना आणि घरी आल्यावर

पाय मुरगळतात ते उतरताना. बुटाच्या नाड्या घट्ट करा, पावलं लहान टाका. शेवटच्या झाडाशी परत पोचलात की माणसं मोजा, वेळ बघा, बांधलेलं फडकं सोडा, प्लास्टिक उचललंय ना ते पिशवीत बघा. गावात उतरल्यावर सकाळच्या आजोबांना आलो म्हणून सांगा, आणि ज्याला वेळ कळवली होती त्याला घरी फोन करा.

रात्री बूट वर्तमानपत्र भरून वाळत ठेवल्यावर वहीत चार ओळी लिहा: निघालो किती वाजता, शेवटचं झाड जाताना आणि येताना किती वाजता, पाणी किती उरलं, कोण कुठे दमलं. नेस्मिथचा हिशेब तुमच्या गटाला दीडपट लागू होतो की दुप्पट, ते या चार ओळींतून तिसऱ्या-चौथ्या फेरीला कळायला लागतं. माझ्या वहीतली मागच्या डिसेंबरची नोंद अशी आहे: शेवटचं झाड, जाताना ९.४०, येताना १२.०५, पाणी एक लिटर उरलं, पश्चिमेला ढग, माथा केला नाही.